‘पातळ माल’ आणि ‘प्लास्टिकचे दोरे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचे आक्षेप तीन. सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट (व्हायब्रेटर न लावता आपोआप वाहून साचा भरणारं) म्हणजे पाणी वाढवलेला माल, त्यात प्लास्टिकचे दोरे, म्हणजे तंतू, टाकणं हा कंपन्यांचा धंदा, आणि लोखंडी तंतू गंजणारच. शेवटी मळ्यातल्या टाकीला हे वापरू का, असंही विचारलंत.

आधी पाण्याचं. आपल्याकडे माल घट्ट वाटला की ‘टाक भो अजून पाणी’ सुरू होतं, त्यामुळे तुमचा संशय रास्त आहे. पण हा माल वाहतो तो पॉलिकार्बोक्झिलेट ॲडमिक्स्चरमुळे, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या रसायनामुळे. खडी कमी, बारीक भुकटी जास्त. त्या भुकटीत आपल्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात निघते तशी राखही चालते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हाजिमे ओकामुरा यांनी हे काँक्रीट पुढे आणलं, तेच मुळी कुशल कामगार कमी पडून बांधकामं लवकर खराब होत होती म्हणून. साइटवर मालाने भरलेला चाचणीचा शंकू उचलून बघा: मालाचं वर्तुळ 550 ते 850 मिलिमीटर व्यासाचं पसरायला हवं. कडेला पाणी सुटलं आणि मधे खडीचा ढीग राहिला, तर गाडी परत पाठवा.

दोऱ्यांबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. त्यांनी काँक्रीट वॉटरप्रूफ होत नाही. जास्त टाकले तर गोळे होतात, माल सळयांत अडतो. त्यांचं काम भेग बारीक ठेवण्याचं. या मालातून वर पाणी फारसं सुटत नाही, म्हणून भुसावळच्या मे महिन्यात, वारा सुटलेला असताना, वरचा थर बघता बघता सुकतो आणि काँक्रीट कच्चं असतानाच तडकतं. घनमीटरला 900 ग्रॅमच्या आसपास 12 मिलिमीटरचे पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकचे) तंतू नेमके तेव्हा कामाला येतात. भेगेतून जाणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं: रुंदी निम्मी केली की गळती साधारण आठव्या हिश्शावर. टिकाऊपणा वाढतो म्हणतात तो इथे. (ब्रोशरवाले हे सोडून बाकी सगळं सांगतात!)

लोखंडी तंतू गंजतात, पण बहुतेक पृष्ठभागावरचे. तांबूस ठिपके दिसतात. आतल्यांना काँक्रीटचा क्षार सांभाळतो. शिवाय तंतू तुटक आणि बारीक, त्यामुळे सळईसारखे फुगून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडत नाहीत. मात्र रुंद भेग आणि खारं पाणी एकत्र आलं तर भेगेतले तंतू जातात.

म्हणून टाकीला पॉलिप्रॉपिलीनच घ्या, आणि सळई एक किलोनेही कमी करू नका. भिंती पातळ आणि सळया दाट असतील तरच हा महागडा माल परवडेल. नाहीतर साधं काँक्रीट आणि नीट चालवलेला व्हायब्रेटर पुरे. राख असेल तर 14 दिवस क्युरिंग. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सुद्धा तेच सुचवतं. ओलं गोणपाट पहिल्याच दिवशी, आणि ओतणं शक्यतो संध्याकाळी. ठेकेदार सकाळी अकराला गाडी मागवू म्हणाला, तर त्याच्याशी भांडा.