दुसरी चावी कुणाकडे?

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री बडोद्यात शिरली, तेव्हा माझी मावशी समा भागात तळमजल्यावर एकटी होती आणि मी शिकागोत फोन कानाला लावून बसले होते. काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या दिवसांत पाणी ३७ फुटांच्या वर गेलं. आकडे मावशीच्या मोबाइलवर येत होते. ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "अगं, तीस फूट म्हणजे माझ्या ओटल्याला किती?" मला सांगता येईना. तिच्या आजूबाजूलाही कुणाला सांगता येईना. पाणी पायरीला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बेन खाली आल्या आणि तिला हाताला धरून वर घेऊन गेल्या. तीन रात्री ती त्यांच्याकडे होती.

पाणी ओसरल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर वाद सुरू झाला. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत तो तेव्हा चालू असेल. मामा म्हणाले, नदी खोल करा, रुंद करा. मामेभाऊ म्हणाला, कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवून त्यांवर इमारती उभ्या केल्यात, पाणी जाणार कुठे? वहिनीला मगरींची काळजी. शहरातून वाहणाऱ्या नदीत त्या शेकड्यांनी आहेत आणि पुरात रस्त्यावर येतात. पुढे २०२५मध्ये नदी खोल-रुंद करायचं काम सुरूही झालं. यातलं काही मला चुकीचं वाटत नाही. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. असा पाऊस पुन्हा येणार, आणि पाण्याला जायला वाट हवीच. मी फक्त एवढंच लिहिलं, की कुठल्या घरात कोण एकटं आहे याचीही यादी कुणीतरी करायला हवी, समाजशास्त्राची माणसं हे काम जाणतात. मामांचं उत्तर आलं, "पोरी, समाजशास्त्रानं पाणी ओसरत नाही."

मामांचा मला राग नाही. त्यांनी उभा जन्म पाटबंधाऱ्यांत काढला आहे. पण मी ज्या शहरात राहते तिथे नेमका हाच प्रश्न फार मोठी किंमत देऊन विचारला गेला, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंशांवर गेला. बडोद्याच्या मे महिन्यात हा आकडा ऐकून कुणी मान वर करणार नाही. इथे मात्र त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, मृतदेह ठेवायला शीतपेट्यांचे ट्रक उभे करावे लागले. डॉक्टरांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की एकटं राहणाऱ्यांना, घराबाहेर न पडणाऱ्यांना आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त होता. मग याच शहरात वाढलेला एक समाजशास्त्रज्ञ, एरिक क्लायनेनबर्ग, वस्त्यांमधून फिरला. त्याला एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या सापडल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटी म्हातारी माणसं बरीच, ऊन तर एकच. तरी लोकसंख्येच्या प्रमाणात पहिल्या वस्तीत दुसरीच्या दसपट मृत्यू झाले.

फरक रस्त्यावर होता. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने गेले होते, दुकानं बंद पडली होती, घरं पाडून मोकळे प्लॉट उरले होते. म्हातारी माणसं भीतीनं दार उघडत नव्हती आणि उघडलं तरी जायला जागा नव्हती. साउथ लॉनडेलमध्ये पदपथावर गर्दी, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान, जाण्यायेण्याला निमित्त. उकाड्यात जीव घाबरला की माणूस खाली उतरून दुकानात बसत होता. आणखी एक गोष्ट मला फार लागली. एकट्या राहणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका कितीतरी जास्त होत्या, पण मृत्यूचा धोका पुरुषांना जास्त निघाला. बायकांची कुणा ना कुणाशी जा-ये टिकून होती. पुरुषांची तुटली होती.

हे कुठल्या थर्मामीटरनं कळलं असतं? कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं, म्हणून कळलं. १९९९मध्ये पुन्हा लाट आली तेव्हा पालिकेची माणसं एकट्या वृद्धांच्या दारापर्यंत गेली, लोकांना थंड जागी नेण्यासाठी बसगाड्या सोडल्या. त्या वेळी मृत्यू ११०च्या आसपास झाले. दोन्ही लाटा अगदी सारख्या नव्हत्या हे खरं, पण एवढी मोठी तफावत केवळ हवामानाची नाही. मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. उन्हाळा कडक झाला की आमच्या दारावर पाटी लागते, आत या, बसा, पाणी प्या. पुस्तक घ्यायची सक्ती नाही. रोज येणारे एक आजोबा दोन दिवस दिसले नाहीत तर आम्ही त्यांच्या घरी फोन करतो.

आता मामा म्हणतील, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे माणसं एकटी नसतात. मग अहमदाबादचं सांगते, बडोद्याहून दोन तासांवरचं. मे २०१०मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि इतरांनी मिळून २०१३मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात यंत्रं फारशी नाहीत. लोकांना कळेल असा रंगांचा इशारा, दवाखान्यांतल्या माणसांना प्रशिक्षण, झोपडपट्ट्यांतून पाणी आणि माहिती. एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर तापत होता, तो खाली हलवला. कोण कुठे आहे आणि तिथे त्याला काय होतं, एवढंच कुणीतरी पाहिलं.

वरच्या मजल्याची गोष्ट लिहिताना माझा हात थांबतो. कारण पुरानंतर आम्ही भावंडांनी एकमतानं ठरवलं, की मावशीनं तळमजला सोडायचा. वासणा रोडच्या एका इमारतीत चौथा मजला मिळाला, सर्वांत वरचा. पाण्यापासून ती सुटली. पण आता वर गच्ची आहे. मे महिन्यात दुपारी दोनला भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि वीज गेली की लिफ्टही जाते. पुरापासून वाचवायच्या नादात आम्ही तिला उन्हाच्या तोंडी दिली आणि जुन्या घरातल्या वरच्या बेनपासून तोडली. हा निर्णय शिकलेल्या माणसांनी प्रेमानं घेतला होता. त्यात कमी होती ती एकाच गोष्टीची, मावशीचा दिवस कसा जातो हे कुणीच विचारलं नव्हतं.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात ती लहानाची मोठी झाली, तिथे हा प्रश्नच नव्हता. ओटल्यावर कुणी ना कुणी असायचं. सकाळचं दूध दाराशीच राहिलं तर समोरची बाई हाक मारायची. त्या वाड्यांत जाच होता, सुनांना श्वास घ्यायला जागा नव्हती, ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण वाडा पाडताना हाक मारायची सोयही पाडली गेली, आणि तिच्या जागी काय ठेवायचं हे कुणी ठरवलं नाही.

हे ठरवण्याची ऐपत बडोद्याइतकी थोड्याच शहरांत आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. ज्या देशातून ते ज्ञान आलं, तिथे आज वाचनालय हा उन्हाळ्यातला आसरा आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि वस्त्यांमधली छोटी वाचनालयं मे महिन्यात दुपारी बारा ते पाच उघडी राहिली, पंखा आणि माठ एवढं जरी असलं, तरी किती म्हाताऱ्यांना दुपारचं ठिकाण मिळेल! विद्यापीठात समाजकार्याची जुनी, नावाजलेली फॅकल्टी आहे. तिथले विद्यार्थी दर वर्षी क्षेत्रकार्यासाठी बाहेर पडतातच. त्यांनी वॉर्डावॉर्डात जाऊन विचारावं, घरात एकटं कोण आहे, जिना कोण उतरू शकत नाही, पाणी वाढताना गेल्या वेळी घर का सोडलं नाही. नदी तीस फुटांवर असताना पाणी कुठवर येतं त्याची रेघ विजेच्या खांबावर मारली, तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावरच मिळेल.

बडोद्याला हे जमतं, हे मी पाहिलं आहे. अंगणात मगर आली तर फोन कुणाला करायचा, हे शहरात पुष्कळांना माहीत असतं. रात्री दोनलाही पोरं दोर घेऊन धावत येतात, मगर न दुखावता नेतात. ही शिस्त वर्षानुवर्षं माणसांनी माणसांना शिकवली. बंद दारामागच्या म्हाताऱ्या माणसासाठी असा सगळ्यांच्या तोंडी असलेला नंबर मला अजून ऐकू आलेला नाही.

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा मावशीला घेऊन इमारतीतल्या सोळाही दारांवर गेले. मावशी धरून पाच माणसं एकटी निघाली. त्यांतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना शेजारच्यांचं नावही ठाऊक नव्हतं. मावशीच्या घराची दुसरी चावी आता समोरच्या दाराशी असते. काकांनी त्यांची अजून कुणाला दिलेली नाही. मावशी रोज संध्याकाळी त्यांच्या दारावरची बेल वाजवते, "छाश उरली आहे, घेता का?" असं विचारते आणि ते दार उघडेपर्यंत थांबते.