स्मॉल ग्रुप म्हणजे किती ओ?

"ज्यांना खरंच जायचं असतं ना सर, ते एवढं विचारत नसतात."

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका टूर ऑफिसात मॅनेजरने मला हे ऐकवलं. मान वर न करता, पावत्यांना स्टेपलर मारता मारता. माझा गुन्हा एवढाच, की भिंतीवरच्या पोस्टरवर 'स्मॉल ग्रुप ॲडव्हेंचर : किलिमांजारो' असं छापलं होतं आणि मी स्मॉल म्हणजे किती ते विचारलं होतं.

"बारा," तो म्हणाला होता.

"बाराच?"

"बारा-पंधरा."

"पंधराच्या वर नाही ना?"

"सीझनला अठरा-वीस होतात. पण फॅमिलीसारखं वातावरण असतं सर."

वीस जणांच्या फॅमिल्या सोलापुरात अजून सापडतात, त्याबद्दल तक्रार नाही. डोंगरावर मात्र या आकड्याचा हिशोब वेगळा लागतो. शिखराच्या रात्री एखाद्याला उलट्या सुरू झाल्या, तोल जायला लागला, तर त्याला एकट्याला खाली पाठवत नाहीत. एक गाईड त्याच्याबरोबर उतरतो. दोन-तीन जणांमागे एक गाईड असेल तर बाकीचे पुढे जातात. वीस जणांमागे तीनच गाईड असतील, तर तिसरा माणूस आजारी पडला की उरलेल्या सतरा धडधाकट लोकांनीही पैसे भरून खाली यायचं. शिवाय ग्रुपची चाल सगळ्यात हळू माणसाच्या पायावर ठरते, आणि माणसं जितकी जास्त तितका तो सगळ्यात हळू माणूस आणखी हळू निघण्याची शक्यता जास्त. तंबू, स्वयंपाक, पाणी, सामान यांसाठी प्रत्येक पाहुण्यामागे तीन-चार माणसं लागतात. म्हणजे हा वीसचा स्मॉल ग्रुप प्रत्यक्षात साठ-ऐंशी माणसांनिशी कूच करतो. संडासाचे तंबू त्यात किती, हा माझा पुढचा प्रश्न होता. तो विचारायच्या आत काकांनी सूत्रं हाती घेतली.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर काशी-अयोध्येच्या पावतीची वाट बघत बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी पिशवी, आणि पिशवीवर पाय.

"कुठं चाललाव?"

"किलिमांजारोला."

"हां हां. केरळात."

"नाही, टांझानियात. आफ्रिका."

"तेच की."

त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं. घेतलं म्हणजे मी दिलं नाही, तरी ते गेलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणून मोठ्याने वाचन सुरू झालं. "दिवस पहिला, डोंगर. दिवस दुसरा, डोंगर. दिवस तिसरा... ओ, हे आठी दिवस डोंगरच हाय की! मधे काय दाखवतेत?"

"मधे काही नाही. चढायचं."

"आणि वर?"

"वर शिखर. ५,८९५ मीटर. आफ्रिकेतलं सगळ्यात उंच."

"देऊळ हाय का वर?"

"नाही."

"मग?"

या 'मग?'ला गिर्यारोहणाच्या अख्ख्या इतिहासात कुणी धड उत्तर दिलेलं नाही. मी कुठून देणार? काकांनी माझी शांतता स्वतःच्या खात्यावर जमा केली आणि युरोप काढला. बारा दिवस, नऊ देश, अठ्ठेचाळीस लोकं. "ग्रुप मोठाच पायजे बगा. मोठा असला की हॉटेलवाला दबून राहतोय. तुमचं हे दहा-बारा माणसांचं काय, विचारतंय कोण? आमच्यातलं एक जण पॅरिसात राहून गेलं. कळलं कधी? स्वित्झर्लंडात कळलं. जेवणाची ताटं मोजताना. पण टूर थांबली का? नाही थांबली!"

मॅनेजरने कौतुकाने मान हलवली. माझ्या प्रश्नांना न हललेली तीच मान.

मग काका त्याच्याकडे वळले. "काय बे, ह्यांचं आठाचं पाचात बसव की. एका डोंगराला आठ दिवस कशाला लागतेत?"

"बसतं की काका. मारंगू रूटने पाच दिवसांत करून देतो. उरलेल्या दिवसांत झांझिबार बेट टाकू."

नवी पेठेत चादरीवर चाळीस रुपये सोडवून घेतलेला माणूस जसा सोबतच्या अडाण्याकडे बघतो, तसं काकांनी माझ्याकडे बघितलं.

इथे माझी करमणूक संपली. कारण हे 'बसवणं' सगळीकडे चालतं, आणि त्यात माणसं आजारी पडतात. मारंगू रूट वाईट नाही. झोपायला तंबूऐवजी लाकडी हट आहेत. पाच दिवसांचा कार्यक्रम असा असतो : पहिली रात्र मंदारा हटला, सुमारे २,७०० मीटर. दुसरी होरोम्बोला, ३,७००. तिसरी किबोला, ४,७००. ती झोप अर्धी टाकून मध्यरात्री शिखराकडे. म्हणजे रोज हजार मीटर. उंचीवरच्या वैद्यकाचा रूढ सल्ला असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दर रात्री ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. काकांच्या सौद्यात तो वेग बरोबर दुप्पट झाला होता. होरोम्बोला एक रात्र वाढवून सहा दिवस केले तरी जरा बरं. लेमोशो रूटच्या आठ दिवसांत वेगळी युक्ती असते : दिवसा ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवतात आणि झोपायला पुन्हा चार हजारांच्या आत, बारांकोच्या तळावर उतरवतात. शरीराला उंचीची चव द्यायची, मुक्काम द्यायचा नाही. काकांच्या भाषेत हे 'चढलेलं परत उतरणं', म्हणजे शुद्ध तोटा.

पाच दिवस स्वस्त का पडतात, याचं कारणही साधं आहे. उद्यानाचं शुल्क दिवसावर लागतं, गाईड आणि हमालांची मजुरी दिवसावर, जेवण दिवसावर. कंपनीला भाव पाडायचा असेल तर दिवस कापणं सगळ्यात सोपं. दुसरी सोपी जागा हमालाची पाठ. नियमाने हमालाला २० किलोपर्यंत ओझं देता येतं; स्वस्त कंपनी माणसं कमी लावते आणि ओझं वाढवते. हमालांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' नावाची संस्था तिथे आहे आणि नीट वागणाऱ्या कंपन्यांची यादी ती जाहीर करते. कंपनी निवडायला ब्रोशरमधल्या झेब्र्यापेक्षा ती यादी जास्त कामाची.

पण यादीत नाव कुणाचं शोधायचं? सोलापूर, पुणे, मुंबई, कुठूनही बुकिंग करा, डोंगरावर तुम्हाला नेणार टांझानियातली परवानाधारक कंपनीच. परवानाधारक स्थानिक गाईडशिवाय चढताच येत नाही. म्हणजे तुम्ही दोन कंपन्या निवडत असता : एक पैसे घेणारी, एक तंबू देणारी. पहिलीचं कॅलेंडर भिंतीवर असतं, दुसरीचं नाव विचारलं की "आमचे तिकडचे पार्टनर आहेत सर" एवढंच कळतं. इथे आठ जणांचा म्हणून विकलेला ग्रुप डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात दुसऱ्या एजंटाच्या सात आणि तिसऱ्याच्या पाच जणांशी जोडला जातो. आणि पुन्हा तीच फॅमिली तयार होते. म्हणून कमाल संख्या, स्थानिक कंपनीचं नाव आणि किती जणांमागे किती गाईड, या तीन गोष्टी बुकिंगच्या कागदावर शाईने लिहून घ्यायच्या. तोंडी सगळ्याच कंपन्या उत्तम असतात.

"आणि जावा मे महिन्यात," काका म्हणाले. "पोरांना सुट्टी असतीय. हितल्या उन्हातून तेवढीच सुटका."

"मेमध्ये एक स्पेशल डिपार्चर टाकतोच आहोत," मॅनेजर म्हणाला. स्पेशल कसलं, एप्रिल-मे म्हणजे किलिमांजारोचा मोठा पावसाळा. चिखल, ढग, भिजलेल्या झोपण्याच्या पिशव्या. कोरडे महिने म्हणजे जानेवारी ते मार्चचा मध्य आणि जून ते ऑक्टोबर. सोलापुरात पारा त्रेचाळीसवर गेला म्हणून आफ्रिकेने आपला मोसम बदलावा, ही अपेक्षा जरा जास्तच.

आता आडवळणाला लागलोच आहोत तर सरावाचंही सांगतो. सोलापूर साडेचारशे मीटरवर, आणि सगळं सपाट. चढ म्हणून दाखवायला आपल्याकडे रेल्वेचे पादचारी पूल. तेव्हा जिना हाच डोंगर. पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन चार मजले तासभर चढ-उतार, आठवड्यातून तीन-चारदा, दोन-तीन महिने. उतरण्याकडे विशेष लक्ष, कारण शिखरानंतर गुडघे उतारावरच बोलायला लागतात. ज्या अपार्टमेंटमध्ये नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मोटर त्याच दिवशी जळते, तिथल्या लोकांचा सराव महापालिकेने बादल्यांसकट आधीच करून घेतलेला आहे. त्यासाठी कर वेगळा द्यावा लागत नाही, तोच घरपट्टीत येतो. बाकी टूर कंपन्यांची 'प्री-टूर मीट' ठेवलेली असते रविवारी सकाळी पुण्यात. बुटांची तपासणी होते बरं का तिथे, आणि तेवढ्यासाठी सोलापूरकराने पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची. बूट व्हिडिओ कॉलवर दिसत नाहीत का? पैसे मात्र यूपीआयवर व्यवस्थित दिसतात.

काकांचं एकच म्हणणं मला पटलं, ते त्यांनी सगळ्यात फालतू म्हणून सांगितलं. "शेंगाची चटणी घेऊन जावा. आणि कडक भाकरी." चार हजार मीटरच्या वर भूक मरते. समोर गरम सूप, पास्ता, सगळं असतं, पण घास फिरतो. तिथे चमचाभर चटणीने दोन घास जास्त गेले तर ते औषधच. शेंगदाणा, तेल, मीठ, म्हणजे वजन कमी आणि ताकद भरपूर. कडक भाकरी तर टिकण्यासाठीच जन्माला आलेली. फक्त हमालाकडे द्यायच्या बॅगेला साधारण १५ किलोची मर्यादा असते. काकांनी सुचवलेली दोन किलो चटणी आणि चाळीस भाकऱ्या त्यात बसणार नाहीत.

मग विमा. मी विचारलं, पॉलिसी किती मीटरपर्यंत चालते? मॅनेजर म्हणाला, "पूर्ण वर्ल्डला चालते सर." जग नुसतं आडवं नाही, उभंही असतं, हे विमा कंपनीला चांगलं माहीत आहे. परदेशप्रवासाच्या साध्या पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीवरचा ट्रेक बरेचदा वगळलेला असतो. ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च हे दोन्ही शब्द कागदावर दिसले पाहिजेत. वर ऑक्सिजन सिलिंडर आहे का, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर रोज लावतात का, गाईडने प्रथमोपचाराचं कोणतं प्रशिक्षण घेतलंय, हेही विचारायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी स्वतःच्या डॉक्टरला विचारून. ग्रुपमधल्या काकूंना विचारून नाही.

विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठरावीक सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल आणि येणं यादीतल्या देशातून असेल, तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे ब्रोशरमध्ये कुठेही नव्हतं. झेब्रा होता.

पैशांचं तर विचारूच नका. मी विचारलं म्हणून सांगतो. पोस्टरवरच्या किमतीत विमान नाही, व्हिसाचे ५० डॉलर नाहीत, ५ टक्के जीएसटी नाही. परदेशी टूर पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो, त्याचा दर अधूनमधून बदलतो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर आपले पैसे सरकारकडे बसतात. शिवाय गाईड-हमालांची बक्षिसी, माणशी साधारण २०० ते ३०० डॉलर. एकटे असाल तर स्वतंत्र तंबूचे जास्तीचे पैसे. आणि ग्रुप भरला नाही म्हणून कंपनीनेच टूर रद्द केली तर? "क्रेडिट नोट देतो सर, एक वर्ष व्हॅलिड." रद्द त्यांनी करायचं आणि वर्षभर वाट आपण बघायची. विमानाचं परत न मिळणारं तिकीट तोवर काढून बसलेल्याने काय करायचं, यावर तो म्हणाला, "असं सहसा होत नाही."

काकांची पावती आली. तीवर प्रवाशांची संख्या, डबा, बर्थ, जेवणाची वेळ, सगळं लिहिलेलं होतं. ते काही न विचारता गेले.

अटी-शर्ती लेखी पाठवा, असं मी सांगून आलो. व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, कागदाचा, तिरका काढलेला. दोन बोटांनी ताणून ताणून वाचला तर खालून तिसऱ्या ओळीत सापडलं : 'ग्रुपची संख्या कंपनीच्या सोयीनुसार बदलू शकते.' यावर लेखी खुलासा मागितला आहे. उत्तरादाखल गुढीपाडव्याच्या शुभेच्छा आल्या आहेत, झेब्र्यासह.