बॅटरी आत गेल्याचं दुःख नाही, गोंद सोकावतो

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लॅपटॉपच्या आत बसवलेल्या बॅटरीचं मी केलेलं कौतुक म्हणजे कंपन्यांची तळी उचलणं, आणि तुमचा जुना लॅपटॉप दहा वर्षं टिकला तो खटके सरकवून बॅटरी काढता येत होती म्हणूनच, असं तुमचं म्हणणं. अर्धं मान्य. (दहा वर्षांत बॅटऱ्या किती बदलल्या, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही!)

जुन्या बॅटरीत बहुधा १८६५० जातीचे गोल सेल असायचे. १८ मिलिमीटर जाडीचे. त्यावर प्लास्टिकचं कवच, मग खटके. लॅपटॉप त्याहून बारीक होणार कसा? कवच काढून पातळ पाकीटवजा सेल आतच बसवले की त्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. ॲपलने २००९ मध्ये १७ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी आत बसवली, तेव्हा एका चार्जवर ८ तासांचा दावा केला होता. तो जाहिरातीतला, हे धरूनही फायदा खोटा नव्हता.

बॅटरी काढून थेट विजेवर काम करण्याची तुम्ही लिहिलेली युक्ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात शहाणपणाचीच होती. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज, दोन्ही मिळून बॅटरीला लवकर म्हातारं करतात. आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. वर लाइट गेली तरी फाइल वाचते.

पण तुमचं खरं कुठे आहे, ते मला गेल्या मे महिन्यात कळलं. टचपॅड दाबलंच जाईना. कूलरसमोरची धूळ असेल म्हणून फुंकर मारत बसलो. मग लॅपटॉप टेबलावर पाय तुटलेल्या पाटासारखा डुगडुगू लागला. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दुरुस्तीला नेला. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी टम्म, पुरीसारखी. तुमच्यावर ही वेळ आली असती तर दोन खटके आणि बॅटरी बाहेर. इथे ती गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेली. कारागिराने लोखंडी पट्टी बाजूला ठेवली, जुनं एटीएम कार्ड घेतलं आणि कडेकडेने सरकवत राहिला. पाकिटाला भोक पडलं की पेट घ्यायची भीती. पाऊण तास मी श्वास रोखून उभा.

घरच्या दुसऱ्या लॅपटॉपचीही बॅटरी आतच आहे. तिला आठ स्क्रू आणि एक जोडणी. दहा मिनिटांत मी स्वतः बदलली. म्हणून माझं भांडण आत बसवण्याशी नाही, चिकटवण्याशी आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा कायदाही खटके मागत नाही. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे, आणि मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं सुटी मिळाली पाहिजे, एवढंच तो म्हणतो. हे दुसरं कलम तुमच्या खटक्यांहून मोलाचं. बॅटरी निघते, पण बाजारात डुप्लिकेटच मिळते, हे त्या काळीही आपण भोगलंय.

'मग घेऊ कोणता?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका उघडा आणि बॅटरी काढायचं पान बघा. पुस्तिकाच नसेल, किंवा त्या पानावर गोंद दिसला, तर पुढचं मॉडेल बघा. आणि सध्याचा लॅपटॉप नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी एकदा सपाट टेबलावर ठेवून, डुगडुगतो का तेवढं पाहा.