खुलासा: व्हिनेगर-सोड्याच्या फेसाने बुरशी कायमची जात नाही

‘व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून घर पुसणारीच सफाई सेवा निवडा, दमट हवेतली बुरशीही कायमची जाते,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो फार तर अर्धवट खरा आहे.

दोन्ही पदार्थ वेगवेगळे वापरले तर कामाचे. एकत्र केले की एकमेकांचा गुण मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेट या क्षाराचं पाणी. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा. दिसायला छान, एवढंच.

बुरशीला ओल हवी असते. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांत राहिली नाही, तर कशानेही पुसा, ती परत येणार. म्हणून सेवा देणाऱ्याला आधी विचारा, पुसल्यावर फरशी-भिंती कोरड्या कशा करता? ओलं फडकं मारून, खिडक्या लावून निघून जाणारे नकोत.

‘नैसर्गिक’ या शब्दावरही भाळू नका. लिंबाच्या, पाइनच्या सुवासातली टर्पीन रसायनं हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार करू शकतात. घटकांची यादी मागा. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कुणालाही मिसळू देऊ नका; विषारी क्लोरीन वायू सुटतो.