पतमर्यादा वाढवून मागणाऱ्या सज्जनांसाठी

आपल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून मिळावी, अशी विनंती आपण बँकेला केली असेल आणि ती चार सेकंदांत फेटाळली गेली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. बँकेकडून एवढ्या तत्परतेने उत्तर येण्याचे भाग्य फार थोड्या ग्राहकांच्या वाट्याला येते. खात्यावरचा पत्ता बदलायला ज्या बँकेने मला एकवीस दिवस ताटकळत ठेवले, तिनेच माझे उत्पन्न, अकरा वर्षांचा व्यवहार आणि ८१२ हा सिबिल स्कोअर (म्हणजे परतफेडीच्या सवयीला मिळालेले गुण) एवढे सगळे मी चष्मा पुसेपर्यंत वाचले, तपासले आणि निकालही कळवला : 'अंतर्गत धोरणानुसार आपली विनंती या वेळी मान्य करता येत नाही.'

गेल्या दोन वर्षांत असे तीन निकाल पदरी पडल्यामुळे या विषयात चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे. नवख्या अर्जदारांनी ते मनावर घ्यावेत. माझ्या कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये असून ती २०१४ साली, म्हणजे माझा पगार आजच्या एकतृतीयांश असताना, ठरलेली आहे. त्यानंतर पगार वाढला, घरभाडे वाढले, मुलीची उंची वाढली. मर्यादेने मात्र आपली मर्यादा सोडलेली नाही.

आपली पहिली गफलत शब्दामुळे होते. 'पत' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाण्याची लाल कापडात बांधलेली वही येते. ज्याचा हिशोब महिन्याच्या महिन्याला चुकता होई, त्याला वाणी दिवाळीत तुपाचा डबा न मागता काढून देई, आणि ज्याची बाकी साचत जाई, त्याला 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी नुसती बोटाने दाखवी. बँकेतही असेच चालत असणार, असे आपण गृहीत धरतो आणि देय दिनांकाच्या आठ दिवस आधी संपूर्ण बिल भरून वर समाधानाने चहा पितो. हा चहा आपल्याला महागात पडतो.

सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली आला आणि आज अशा चार कंपन्या आपल्या हप्त्यांची नोंद ठेवून असतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो जरूर मागवावा. सिबिलच्या अहवालात प्रत्येक कर्जाखाली मागील छत्तीस महिन्यांपर्यंतचे रकाने असतात आणि देणे किती दिवस थकले, तो आकडा त्यांत तीन अंकी लिहिलेला असतो. वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात '०००' येते. छत्तीस महिन्यांची प्रत्येकी तीन शून्ये धरली, तर एकूण एकशे आठ होतात. जपमाळेतही मणी तेवढेच असतात, आणि ती ओढून मिळणारे फळही साधारण याच जातीचे, म्हणजे या जन्मी न दिसणारे असते. (माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाचे एक पैशाचे देणे ठेवले नाही. त्यांच्यासारख्यांच्या नावापुढे स्कोअरच्या जागी 'एनएच' अशी अक्षरे येतात. त्यांचा अर्थ या माणसाला इतिहास नाही, असा आहे. हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.)

३०० ते ९०० या पट्टीवरचा हा स्कोअर एवढेच सांगतो की आपण पैसे बुडवण्याचा संभव किती कमी आहे. आपल्यापासून बँकेला मिळकत किती, या प्रश्नाशी त्याला कर्तव्य नाही. 'मुलगा निर्व्यसनी आहे' ही शिफारस जशी मान डोलावून ऐकून घेतात आणि लगेच पगाराची चौकशी करतात, तसे बँक आपल्या स्कोअरचे करते. ती चौकशी काय असते, हेही पाहून घ्यावे. आपण महिन्याला पंधरा हजारांची खरेदी करतो. दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेतून बँकेच्या हाती, ढोबळ मानाने दीड टक्का धरला, तर सव्वादोनशे रुपये येतात. त्यातून आपले रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, आपल्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी पैसे वापरू द्यायचे आणि वर आपले फोन उचलायचे. याउलट शेजारच्या इमारतीतील एखादे गृहस्थ लाखभराची थकबाकी पुढे ढकलत असले, तर साडेतीन टक्क्यांनी ते दरमहा साडेतीन हजार रुपये नुसते व्याज देतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी भरून ते राष्ट्रकार्यही करतात. आता बँकेने सणाच्या शुभेच्छा मनापासून कोणाला द्याव्यात, हे आपणच सांगावे. अमेरिकेतील कार्डव्यवसायात दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाला आपसांत 'डेडबीट' म्हणण्याची पद्धत आहे. कोशात त्या शब्दाचा अर्थ देणी बुडवणारा, असा दिलेला आहे. आपल्याकडचे कर्मचारी सुसंस्कृत असल्यामुळे ते आपल्याला 'मूल्यवान ग्राहक' म्हणतात.

बँकेची अडचणही समजून घेतली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरील थकबाकीचे जोखीमभारांकन, म्हणजे भांडवलाच्या हिशोबात ते येणे किती पट धरायचे ते प्रमाण, १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेले. नियमातील ९ टक्के किमान भांडवल धरून हिशोब केला, तर कार्डावरच्या शंभर रुपयांच्या येण्यामागे बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपयांचे भांडवल राखावे लागे, ते आता साडेतेरा रुपयांचे राखावे लागते. एवढे महागाचे भांडवल ज्याच्याकडून व्याजाचा एक रुपया सुटत नाही अशा निरुपद्रवी माणसावर उधळणे कोणत्या भागधारकाला मानवेल?

तरीही आपला आग्रहच असेल, तर मर्यादेचा वापर किती करावा, या नाजूक प्रश्नाकडे वळू. पतसल्लागार एकमुखाने सांगतात की मर्यादेच्या तीस टक्क्यांहून अधिक खर्च कार्डावर दिसू नये, अन्यथा माणूस उधारीला हपापलेला आहे असे वाटून स्कोअर घसरतो. माझ्या बाबतीत तीस टक्के म्हणजे १८,००० रुपये. गेल्या उन्हाळ्यात आमचा फ्रीज बंद पडला आणि नवा ३८,००० रुपयांना आला. एका फ्रीजने मी त्रेसष्ट टक्के हपापलेला ठरलो आणि पुढच्या महिन्यात माझा स्कोअर खाली आला. यावर उपाय म्हणून त्याच सल्लागारांनी मर्यादा वाढवून घ्यायला सुचवले. मी विनंती केली. तेव्हा वापर जास्त दिसतो, असे उत्तर मिळाले. मग मी सहा महिने कार्डाला जेमतेम हात लावला, बिल तयार होण्याच्या आधीच पैसे भरून टाकू लागलो आणि वापर शून्यावर आणून पुन्हा विनंती केली. या वेळी मला कळवण्यात आले की सध्याच्या मर्यादेचाच आपण पुरेसा उपयोग करत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण पाय पुरते पसरले तर अंथरूण मिळण्याची लायकी नाही आणि पोटाशी घेतले तर अंथरुणाची गरज नाही, हा त्याचा उत्तरार्ध आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. पाय नेमके कोठपर्यंत लांबवावेत, हे ज्या धोरणात लिहिले आहे ते अंतर्गत असून आपण बहिर्गत आहोत.

खरा राजमार्ग वेगळाच आहे आणि तो मी आपल्या जबाबदारीवर सांगतो. एखाद्या महिन्यात संपूर्ण बिल न भरता फक्त किमान देय रक्कम, म्हणजे सर्वसाधारणपणे पाच टक्के, भरावी. ती वेळेवर भरल्यामुळे आपली शून्यांची माळ तुटत नाही, आणि उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू झाल्यामुळे बँकेच्या दृष्टीने आपल्या व्यक्तिमत्त्वात प्रथमच काही खोली येते. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे आपण पाव किलो चिवडा घेतला तरी त्यातून बँकेशी नाते दृढ होते. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून प्रत्येक स्टेटमेंटवर छापलेला असतो. तो बारीक अक्षरांत असल्याने डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सहसा कोणी वाचत नाही. वर्षाला ४२ ते ४५ टक्के हा दर ऐकून घाबरण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्दबातल केला, तेव्हा त्या बाबतीत मन निःशंक ठेवावे. महाराष्ट्रातील परवानाधारक सावकाराला मात्र शेतकरी नसलेल्या ऋणकोकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. बँक म्हणजे सावकार नव्हे, हा फरक या आकड्यांवरून चांगला लक्षात येतो.

हा मार्ग पत्करण्याचे धैर्य नसेल, तर उत्पन्नाचा पुरावा देऊन पाहावा. माझा पगार त्याच बँकेत, दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तिच्या डोळ्यांदेखत जमा होतो. तरीही तिने मला तीन महिन्यांची पगारपत्रके आणि फॉर्म १६ मागितला, आणि ते योग्यच होते, कारण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे हे जोखीम व्यवस्थापनात बसत नाही. मी सगळी कागदपत्रे पाठवली. ती पोहोचल्याचा संदेश आला, आणि विनंती नाकारल्याचा संदेश त्याच्याही आधी आला होता.

तक्रार करण्याचा विचार अर्थातच आपल्या मनात येईल. कार्डांविषयीच्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने म्हटले आहे की कार्डाचा अर्ज फेटाळला, तर त्याची नेमकी कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत. हे वाक्य मी कस्टमर केअरच्या मुलाला वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि सांगितले, "सर, तो नियम नवीन कार्डासाठी आहे, आपल्याकडे तर कार्ड आहे." ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याची मर्यादा वाढवू नये, असाही एक दंडक आहे, आणि माझ्या बँकेने तो इतका मनावर घेतला आहे की मी तीन वेळा लेखी संमती देऊनही ती वाढवायला धजत नाही. राहता राहिले रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली त्यांच्याकडे विनाशुल्क दाद मागता येते, मात्र बँकेचा व्यावसायिक निर्णय हा विषय त्या योजनेने तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. मर्यादा न वाढवणे हा व्यावसायिक निर्णय आहे. लोकपालांचा वेळ वाचवण्याची एवढी काळजी अन्यत्र क्वचितच घेतलेली आढळेल.

शाखेत प्रत्यक्ष गेल्यास तेथील अधिकारी सहानुभूतीने एक तोड सुचवतील, ती अशी की लाखभराची मुदत ठेव ठेवावी आणि त्या ठेवीच्या तारणावर दुसरे कार्ड घ्यावे. म्हणजे आपलेच लाख रुपये आपण बँकेला द्यायचे आणि त्यांतून थोडे राखून उरलेल्यांची उधारी बँकेने आपल्याला द्यायची. आपण स्वतःवर किती विश्वास टाकतो, हे सिद्ध करण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. मी मान हलवून बाहेर पडलो.

जिना उतरत असतानाच फोन वाजला. त्याच बँकेच्या कर्ज विभागातील बाई अत्यंत आनंदी स्वरात सांगत होत्या की माझा उत्कृष्ट परतफेडीचा इतिहास पाहून बँकेने मला आठ लाखांचे वैयक्तिक कर्ज आधीच मंजूर करून ठेवले आहे, कागदपत्रे लागणार नाहीत आणि रक्कम दहा मिनिटांत खात्यावर येईल. मी विचारले की आठ लाखांना जो पात्र आहे, त्याला कार्डावर आणखी चाळीस हजार का मिळू नयेत. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कार्डवर तुम्ही वापरालच असं नाही ना, सर. लोनला ईएमआय असतो." संपूर्ण प्रकरणात मला पटलेले हे एकमेव कारण असून ते तोंडी आहे.

नवी विनंती सहा महिन्यांनी करता येते, तेव्हा तारीख विसरू नये म्हणून ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणावून ठेवावी. मी ठेवायला गेलो, तर माझ्या तारखेच्या चौकटीत सौभाग्यवतींनी 'दूध २ लिटर जादा' असे आधीच लिहून ठेवलेले होते, कारण त्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण आहे. दूधवाल्याला तसे सांगून झाले आहे. पैसे महिन्याच्या शेवटी द्यायचे आहेत आणि पगारपत्रक त्याने अजून मागितलेले नाही.