तीस श्वास घेऊन ऑक्सिजन साठत नाही

हा मेसेज आठवडाभरात तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारी आमची वहिनी, आणि खाली तिची ओळ: ‘भावजी, उद्यापासून याला पोहायच्या आधी हे करायला लावते.’ ‘याला’ म्हणजे माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याला. म्हणून लिहिणं आलं, नाहीतर असल्या गोष्टींवर मी वेळ घालवत नाही.

मेसेज म्हणतो: ऑक्सिजन अमृत, कार्बन डायऑक्साइड विष. पाण्यात उतरण्याआधी 30 वेळा जोरजोरात श्वास घ्या. विष बाहेर पडतं, ऑक्सिजन साठतो, पाण्याखाली दुप्पट वेळ टिकता येतं. शिवाय शिरांतलं अशुद्ध रक्त निळं असतं आणि रात्री झाडं विषारी वायू सोडतात.

साठतो म्हणजे नेमका कुठे? रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन लाल पेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला चिकटून फिरतो, आणि निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच 95 टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. भरल्या घड्यात आणखी किती ओतणार? खुर्चीत बसून, भावाला शेजारी उभं करून, बोटाला ऑक्सिमीटर लावून मी ते 30 श्वास घेऊन पाहिले. आधी आकडा 98, नंतर 99. एवढीच कमाई. विसाव्या श्वासापर्यंत बोटांना मुंग्या आल्या होत्या, ओठ बधिर झाले होते आणि डोकं गरगरत होतं. फुप्फुसांत थोडा जास्त ऑक्सिजन येतो, हे मान्य करतो. पण शरीरातून खरा उपसा होतो तो कार्बन डायऑक्साइडचा. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरतं ते त्यामुळे.

खरी भीती पुढे आहे. हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1905 मध्येच दाखवून दिलं की रोजच्या श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. तो जरा वाढला की श्वास वाढतो. दम कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः याच वायूमुळे; ऑक्सिजन कमी पडल्याची जाणीव फार उशिरा आणि फार अंधूक होते. आता 30 श्वासांनी तो वायू आधीच उपसून टाकला, तर पाण्याखाली ‘वर ये’ हा इशारा वेळेवर मिळतच नाही. पोरगं मजेत हातपाय मारत राहतं, तिकडे ऑक्सिजन उतरत जातो, आणि कासावीस होण्याआधीच शुद्ध हरपते. बेशुद्ध शरीर मग आपसूक श्वास ओढतं, पण आत जातं ते पाणी. धडपड नाही, आरडाओरडा नाही. काठावरच्याला वाटतं, बराच वेळ दम धरलाय! चांगले पोहणारेही असे गेले आहेत. मेसेजमधला ‘दुप्पट वेळ’ तो हाच.

राहिलं ‘विष’. बंद टाकीत हा वायू साचला तर माणूस मरतो, खरं आहे. पण अंगातला कार्बन डायऑक्साइड कामाचा आहे. 1904 मध्ये क्रिस्टियान बोर हा डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. म्हणजे राबणाऱ्या स्नायूपाशी ऑक्सिजन उतरवून घ्यायला हे ‘विष’च मदत करतं.

निळं रक्त? रक्तदानाची पिशवी शिरेतल्याच रक्ताने भरते. गडद लाल असते. निळी दिसते ती वरून, कातडीतून पाहिलेली शीर.

झाडांच्या बाबतीत मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. अंधारात झाडं फक्त श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. इंगेनहाउस या डच डॉक्टरने 1779 मध्येच प्रयोगांनी हे दाखवलं होतं. पण किती सोडतात? कुंडीतलं रोप तर अगदीच थोडा. एक माणूस दिवसाकाठी किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. खोलीतून कुंडी बाहेर काढायची असेल, तर आधी शेजारी घोरणाऱ्याला काढावं लागेल.

मेसेजच्या शेवटी ‘दहा ग्रुपवर पाठवा’ असं आहे. वहिनीने तीनवर पाठवला होता. तिन्ही ठिकाणी त्याच्याच खाली हे चिकटवतोय, आणि पुतण्याच्या पोहण्याच्या सरांना आताच फोन करतोय.