युट्यूबवर सगळं आहे म्हणे

डिसेंबर संपता संपता आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनेल ४४ वर्षांनी जगभरात कायमचं बंद, खाली रडके चेहरे. आणि त्याखाली पुण्याच्या मामेभावाने लिहिलं, "ताई, गेलं बघ तुमचं तिकडचं. बरंच झालं, एका पिढीची वाट लावली त्याने. आणि गाणी काय, युट्यूबवर सगळं आहे." त्याला पटापट सात-आठ अंगठे पडले, त्यात माझी सख्खी बहीणसुद्धा.

मला राग आला आणि अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे जगभरात वगैरे काही बंद झालेलं नाही. इथे ब्रिटनमध्ये ३१ डिसेंबर २०२५ ला पाच चॅनेल्स गेली, एमटीव्ही म्युझिक, एटीज, नाइन्टीज, क्लब आणि लाइव्ह. म्हणजे ज्यांच्यावर गाणी लागायची नेमकी तीच. मुख्य एमटीव्ही आहे तिथेच आहे, त्यावरच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये न्यूकासलची पोरं पिऊन एकमेकांवर ओरडतात आणि ते आम्हाला अजून बरीच वर्षं बघायला मिळेल. १९८१ च्या १ ऑगस्टला अमेरिकेत ज्या गाण्याने एमटीव्ही सुरू झालं त्याच गाण्याने एमटीव्ही म्युझिकने इथे निरोप घेतला. आणि 'तुमचं तिकडचं' काय म्हणून? २०२५ च्याच मार्चमध्ये भारतात व्हीएच वन आणि एमटीव्ही बीट्स ही गाण्यांची चॅनेल्स बंद झाली, तेव्हा ग्रुपवर कुणी एक शब्द लिहिला नाही. चॅनेल व्ही तर २०१८ लाच गेलं. आपल्या घरातलं गेलेलं कळलं नाही आणि इकडचं गेलं की आनंद, हे मला समजत नाही.

आता ती वाट लावण्याची गोष्ट. हाच भाऊ दहावीत असताना सांगलीला आमच्याकडे सुट्टीत यायचा तेव्हा केबलवरून उठायचा नाही, आईने सांगितलं की आवाज बंद करून चित्र बघत बसायचा. आमच्याकडे त्याआधी काय होतं? चित्रहार, छायागीत, म्हणजे सिनेमाची गाणी आणि परत सिनेमाची गाणी. सिनेमात नसलेलं गाणं बघता येतं हेच आम्हाला १९९४ नंतर चॅनेल व्ही आल्यावर कळलं. अलिशा चिनॉय, लकी अली, कलोनियल कझिन्स, ही माणसं कुठल्याही हिरोच्या तोंडी न गाता घराघरात पोचली ती केवळ या चॅनेल्समुळे. एमटीव्ही इंडिया १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, आधी बरंच इंग्रजी लावत होते, ते चालेना तेव्हा हिंदीकडे वळले. म्हणजे चॅनेलने आपल्याला बदललं असं म्हणतात पण आपणही चॅनेलला वाकवलं की! आणि संस्कृतीवाले म्हणाल तर त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अंधेरीला मायकल जॅक्सनचा कार्यक्रम शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेनेच केला होता, तेव्हा कुणाची वाट लागली नाही. मी इकडे यायला निघाले त्या सुमाराला 'ऐका दाजीबा' हिंदी चॅनेल्सवर लागायला लागलं होतं, वैशाली सामंतचा आवाज आणि पडद्यावर मिलिंद गुणाजी, मराठी गाणं, हिंदी गाण्यांच्या रांगेत, अगदी ताठ मानेने. मला तेव्हा जे वाटलं ते कुठल्या भाषणाने वाटलं नव्हतं.

मी २००२ च्या शेवटी कॉव्हेंट्रीला आले, डिपेंडंट व्हिसावर. नवरा सकाळी साडेसातला जायचा, चारला अंधार पडायचा, बाहेर कुणाशी बोलावं तर ते काय बोलतात ते अर्धं कळायचं नाही कारण शाळेत शिकलेलं इंग्रजी आणि मिडलँड्सचं इंग्रजी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घरमालकाने स्काय म्हणजे इथलं डिश टीव्ही ठेवलेलं होतं, मी दिवसभर म्युझिक चॅनेल लावून स्वयंपाक करायचे. द बॉक्स नावाचं एक चॅनेल होतं, त्यावर लोक फोन करून गाणं मागायचे, कुठली कुठली पोरं कुठलं कुठलं गाणं मागायची आणि मला सगळ्यांचं बघावं लागायचं. जे आवडायचं नाही तेही. तेच तर महत्त्वाचं होतं. या देशातल्या पोरांना काय आवडतं, कशाची चेष्टा करतात, कुठले कपडे घालतात, कुठल्या गावचा माणूस कसा बोलतो, हे मला कुणी शिकवलं नाही, त्या चॅनेलने दाखवलं.

आणि मग २००३ च्या जानेवारीत पंजाबी एमसीचं 'मुंडियां तो बच के' इथल्या चार्टमध्ये पाचव्या नंबरला गेलं. तो माणूस कॉव्हेंट्रीचाच. दिवसातून चार चार वेळा ते लागायचं, चक्क तुंबी, ते पंजाबी एकतारी वाद्य, वाजतेय आणि पंजाबी शब्द. तोपर्यंत शेजारची बाई माझ्याशी फक्त कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवसाबद्दल बोलायची, तिने विचारलं हे तुमच्याकडचं का गं? मी मराठी, मला पंजाबी येत नाही, पण मी हो म्हटलं आणि आत बोलावून चहा दिला. तिने ते गाणं शोधलं नव्हतं. ती कधी शोधणारही नव्हती. तिच्या पुढ्यात ते येऊन पडलं, म्हणून ती माझ्या दारात आली.

आता सांगा मला युट्यूबवर सगळं आहे म्हणून. आहे ना, पण तुम्ही मागाल ते आहे आणि तुम्ही काल मागितलं त्याच्यासारखं आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा, त्याच्या फोनवर त्याची गाणी, त्याच्या मित्राच्या फोनवर त्याची, दोघं एका सोफ्यावर बसून दोन वेगळ्या जगात. इथे टॉप ऑफ द पॉप्स हा गाण्यांचा कार्यक्रम १९६४ पासून २००६ पर्यंत चालला, बीबीसी फोरवर त्याचे जुने भाग शुक्रवारी लागतात आणि माझ्या ऑफिसमधली पन्नाशीतली माणसं सोमवारी त्याबद्दल बोलतात, कारण त्यांनी सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच संध्याकाळी बघितली होती. मुलाच्या पिढीकडे असं सोमवारी बोलायला काय असणार आहे?

कुणी म्हणेल चॅनेलवर गाणी निवडणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे होते. बरोबर आहे. सुरुवातीला अमेरिकेत एमटीव्ही काळ्या कलाकारांना जवळजवळ दाखवतच नव्हतं, १९८३ मध्ये गायक डेव्हिड बोवीने त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर बसून त्यांना हे विचारलं. पण विचारता आलं, कारण विचारायला समोर माणूस होता. आज मला जे दाखवत नाहीत त्याबद्दल मी कुणाला विचारू?

आणि त्यांनी स्वतःच गाणी टाकून दिली हेही खरं. इकडे रिअ‍ॅलिटी शो, तिकडे २००३ पासून रोडीज, मग स्प्लिट्सव्हिला. २०१० मध्ये तर लोगोखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्दच काढले. भारतात सिनेमाच्या प्रोमोजनी बिनसिनेमाच्या गाण्याची जागा खाल्ली. या सगळ्याचा मला राग आहेच, पण त्यावर भाऊ बोलत नाही, तो म्हणतो बरं झालं.

मला खरा त्रास वेगळाच आहे, तोही सांगून टाकते. माझा फोन मला रोज मराठी गाणी देतो. सगळी मी निघाले तेव्हाची किंवा त्याआधीची. गारवा, दाजीबा, मग खूपच झालं तर आयुष्यावर बोलू काही. पुढचं काही नाही, कारण मी पुढचं कधी मागितलंच नाही, नावच माहीत नसेल तर मागणार काय? गेल्या उन्हाळ्यात सांगलीत भाचीच्या हळदीला डीजेने गाणी लावली, सगळी मराठी, आणि मांडवातल्या सहा वर्षांच्या पोरांपासून माझ्या मावशीपर्यंत सगळ्यांना शब्द पाठ. मी टाळ्या वाजवत उभी होते. भाची म्हणाली मावशी नाच ना, तुला हे माहीत नाही? नाही माहीत. इतकी वर्षं मी इथल्या लोकांना महाराष्ट्र समजावून सांगतेय, मंडळात गणपती बसवतेय, आणि माझा महाराष्ट्र २००२ ला थांबलाय हे मला त्या मांडवात कळलं. इथल्या पोरांची गाणी मला न मागता दिसली म्हणून मी इथली थोडीफार झाले. तिकडची न मागता दिसायची बंद झाली आणि मी तिकडची राहिले की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

२०११ मध्ये नाइन एक्स झकास आलं तेव्हा मराठी गाण्यांचं स्वतंत्र चॅनेल म्हणून किती आनंद झाला होता मला, पण माझ्या स्कायवर ते कधी दिसलं नाही. म्हणून भावाला परत लिहिलंय, अजून उत्तर नाही आलं. लिहिलंय ते असं: सह्याद्रीने आठवड्यातून एक तास त्याच आठवड्यातली नवी मराठी गाणी दाखवावीत, सिनेमाची असोत नसोत, विदर्भातली, कोकणातली, रॅप करणाऱ्या पोरांची, कुणातरी माणसाने बसून निवडलेली, आणि तो तास परदेशातही दिसावा. नाही आवडली तरी मी शेवटपर्यंत बघेन.